मॅटखालचा पत्रा

जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस बॉनेट उघडतो, टायर दाबून बघतो, दार आपटून आवाज ऐकतो, सायलेन्सरच्या धुराचा रंग बघतो. पायाखालचं मॅट उचलून बघणारे फार थोडे. मेकॅनिकला सोबत घेऊन आलेले लोकही इंजिन ऐकून खूश होतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात. पुढे दोन पावसाळे गेले की गाडीत कुबट वास यायला लागतो. कुणीतरी मॅट उचलतं आणि खाली फरशी दिसते. फरशी म्हणजे खरोखरची, पोर्चमधली. मग गाडी माझ्याकडे येते.

माझं शेड बेट्टदपुरला आहे. म्हैसूरहून मडिकेरीला जाणारा हमरस्ता हुणसूर, पिरियापट्टण, बैलकुप्पे करत कुशालनगरला पोचतो. आम्ही त्या रस्त्याच्या उत्तरेला, आत. गावाच्या डोक्यावर एकटा डोंगर, त्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ, वर जायला तीन हजारांवर पायऱ्या. खाली तंबाखू, आलं, मका. असल्या गावात सांगली जिल्ह्यातला मराठी माणूस जुन्या गाड्यांचे तळ बदलत बसलाय, हे ऐकून कोल्हापूरकडचे लोक हसतात. कारण अगदी साधं आहे. आमचं मूळ गाव विट्याजवळ, आणि खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळानं बाहेर पडली ती गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. वडील त्याच वाटेनं हुणसूरला आले. सोनं-चांदी गाळून चोख करून द्यायचं, एवढाच धंदा. मी तिथेच लहानाचा मोठा झालो, घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलत.

सोन्याला काही होत नाही, पण सोनं शुद्ध करणाऱ्या तेजाबाचा धूर दुकानातलं एकूणएक लोखंड खातो. शटर, खिडकीचे गज, बाहेर टेकवलेल्या सायकलचं हँडल. वडील दर दिवाळीला शटर रंगवायचे आणि होळीच्या आत पत्र्याच्या कडेला फोड आलेले असायचे. फोडावर नख दाबलं की रंगाचा पापुद्रा सुटायचा आणि खाली तांबूस पूड. वरून रंग शाबूत, चकचकीत, आणि आत गंज आडवा पसरत चाललेला. लहानपणी मला तो फोडायचा खेळ वाटायचा. आज गाडीच्या उंबऱ्यापाशी रंग फुगलेला दिसला की तसंच नख लावून बघतो.

मुशीपुढं बसणं माझ्या छातीला मानवलं नाही. मला कोल्हापूरला आत्याकडे पाठवलं आणि मी शिवाजी उद्यमनगरात एका मेस्त्रींच्या हाताखाली लागलो. तिथे फाउंड्री, लेथ, गॅरेज सगळं एकमेकांना चिकटून. आमचे मेस्त्री डेंटिंगवाले, पण त्यांचं नाव होतं ते सडलेल्या गाड्यांसाठी. गगनबावड्याचा नाहीतर आंबा घाट चढून मालवण-रत्नागिरीकडच्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या. मासळी वाहिलेल्या गाडीचा तळ एकदा पाहिला की माणूस विसरत नाही. बर्फ वितळून मिठाचं पाणी खाली उतरलेलं, पत्रा हातानं मोडावा अशी अवस्था.

मेस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात हातात स्क्रूड्रायव्हर दिला तो उलटा धरायला. मूठ पत्र्यावर टकटक करत पुढे सरकायचं. चांगला पत्रा टणक वाजतो, खाल्लेला बद्द वाजतो. "डोळ्यानं बघू नगंस, कानानं बघ," म्हणायचे. रंग, डांबर, लांबी हे सगळं डोळ्याला फसवतं, आवाजाला नाही. जिथे आवाज बदलेल तिथे खडूनं खूण करायची. सगळा तळ असा वाजवून झाला की खडूच्या खुणा जोडायच्या आणि मग कळायचं की वरून रुपयाएवढ्या दिसणाऱ्या भोकाचा खरा पसारा ताटाएवढा आहे.

वडील थकले तेव्हा मी परत आलो. बेट्टदपुरला शेड टाकलं ते गाड्यांसाठी नाही, तंबाखूसाठी. इथली तंबाखू बॅरनमध्ये, म्हणजे मातीच्या उंच भट्टीघरात, भाजतात. बाहेर चुलाणात लाकडं पेटवायची, आत जमिनीलगत पत्र्याच्या जाड नळ्या फिरवलेल्या असतात, त्यांतून धूर आणि उष्णता फिरते, धूर पानांना लागत नाही. या नळ्या हंगामात तापतात आणि उरलेलं वर्ष ओलीत पडून राहतात. साहजिकच गंजतात. दर वर्षी मृगाच्या सुमाराला नळ्या बदलायची, सांधे जुळवायची घाई उडते. पत्रा वळवणं, कड दुमडणं, पातळ पत्रा न जाळता जोडणं, ही हाताची सफाई मला त्या नळ्यांनी दिली. हंगाम संपला की काम नसायचं. मग एक जण अॅम्बेसेडर घेऊन आला, त्याची बघून दुसरा आला. हळूहळू नळ्या मागे पडल्या.

एक गोष्ट मला इथे आल्यावरच कळली. कोल्हापुरात मी समजत होतो की एवढा गंज समुद्राच्या हवेचा. बेट्टदपुरला समुद्र कुठला? तो घाट उतरून मंगळूरला. तरीही काही गाड्यांचे तळ मालवणच्या गाड्यांसारखेच खाल्लेले, आणि तेही फक्त मागच्या सीटखाली आणि डिकीत. पुढचा तळ ठणठणीत. मागे काय ठेवता, असं विचारायला लागलो तेव्हा उलगडा झाला. खताची पोती. आल्याला म्यूरेट ऑफ पोटॅश घालतात, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. आपलं खायचं मीठ सोडियम क्लोराइड. लोखंडाच्या दृष्टीनं दोघं सख्खे भाऊ. पोत्याच्या शिवणीतून चिमूटभर सांडतं, मॅटखाली जातं, पावसाळी हवेतली ओल ओढून घेतं आणि गप्प कामाला लागतं. गंमत अशी की नुसती तंबाखू करणाऱ्यांच्या गाड्या त्यामानानं बऱ्या असतात. क्लोराइडनं तंबाखूचं पान नीट जळत नाही, म्हणून ते सल्फेटचं पोटॅश वापरतात. गाडी उघडल्यावर मालक आलं लावतो की तंबाखू, याचा अंदाज मी बांधतो आणि बऱ्याचदा तो बरोबर निघतो. लोकांना वाटतं मला काहीतरी सिद्धी आहे.

पाण्याच्या वाटा शोधणं हे या कामाचं खरं अर्धं अंग आहे, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. पत्रा बदललेला दिसतो, बिलात लिहिता येतो. पाणी कुठून आलं हे शोधायला दिवस गेला तर ग्राहकाला वाटतं मेस्त्री झोपला होता. पण वाट बंद केली नाही तर नवा पत्राही तीन-चार वर्षांत जातो. वाटा ठरलेल्या असतात. पुढच्या काचेचं रबर कडक झालेलं असतं. काचेखाली वायपरपाशी जी खोबण असते तिथली पाणी निघून जायची वाट झाडाच्या पानांनी बुजलेली असते. गाडी रोज चिंचेखाली उभी करणाऱ्याच्या बाबतीत हे हमखास. दाराच्या खालच्या कडेची भोकं रंगानं भरलेली असतात. आणि हल्लीच्या गाड्यांत एसीची नळी. ती चोंदली की पाणी बाहेर न पडता डाव्या पायाशी गालिच्यात मुरतं. मालक म्हणतो, गाडी तर पावसात बाहेर काढलीच नाही. खरंच काढलेली नसते. पाणी एसीनं हवेतून गोळा केलेलं असतं. त्यावर पुन्हा हौसेनं बसवलेली ती शिवणकामाची सेव्हन-डी मॅट, कडेपर्यंत गच्च. खालची ओल वर यायला जागाच नाही.

आतापर्यंत सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला तळ एका आलं-उत्पादक शेतकऱ्याच्या अॅम्बेसेडरचा. ड्रायव्हरच्या टाचेखाली भोक पडलं होतं, तेवढं बुजवून द्या म्हणाला. मी गालिचा काढला. त्याखाली गोणपाट. त्याखाली डांबराचे तुकडे, आवाज कमी करायला कंपनी लावते ते. छिन्नीनं ते उचकटले तर खाली एक पत्रा रिव्हेट मारून बसवलेला. तो रिव्हेट तोडून काढला, तर त्याखाली दुसरा, जाड डांबरात चिकटवलेला. त्याच्या एका कडेला निळी अक्षरं अजून वाचता येत होती: खाद्यतेलाचा डबा कापून सपाट केलेला. त्याखाली मूळ तळ, म्हणजे जो काही उरला होता तो. गंजाचे पदर चिरोट्यासारखे सुटत होते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, म्हणून दोन पत्र्यांच्या मध्ये गंज धरला की तो त्यांना एकमेकांपासून रेटतो. इथे त्या रेट्यानं रिव्हेटची डोकी उपटली होती. शेतकरी डब्याचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. "हे आमच्या अप्पांचं काम," म्हणाला. मग हसायलाच लागला. "माणसानं आयुष्यात एक वस्तू फेकली नाही."

अप्पांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या काळी गाडी चालू ठेवायची तर जे हाताशी असेल ते लावायचं. पण एका सडक्या पत्र्यावर दुसरा पत्रा ठेवला की मध्ये जी फट राहते तिथे पाणी जातं आणि वाळत नाही. खालचा सडणं थांबत नाही, उलट वरचाही त्याच्या नादाला लागतो. मेस्त्री याला झाकपाक म्हणायचे. त्यांच्याकडे नियम होता: आधी कापायचं, मग काय उरलं ते बघायचं, मग भाव सांगायचा. हा नियम मी पाळतो आणि त्यामुळे निम्मे लोक पहिल्याच भेटीत निघून जातात. कापल्याशिवाय आकडा सांगणारा दुसरा कुणीतरी त्यांना भेटतोच.

कुठवर कापायचं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भोकाच्या कडेला पत्रा असतो, पण कागदासारखा झालेला असतो. त्याला वेल्डिंगची ज्योत किंवा तार लागली की तो वितळून मागे सरकतो, भोक मोठं होतं, पुन्हा लावावं तर अजून मोठं. नवशिका वेल्डर सकाळी बशीएवढं भोक घेऊन बसतो आणि संध्याकाळी परातीएवढं करून उठतो. म्हणून टणक आवाजाच्या पत्र्यापर्यंत, ग्राइंडरखाली पांढरंशुभ्र लोखंड निघेल तिथवर कापत जायचं. ग्राहक शेजारी उभा असेल तर हात आखडतो. त्याच्या चेहऱ्यावर दर वितीला काहीतरी होत असतं. मी सरळ सांगतो, साहेब, तुम्ही चहा घेऊन या, देवळाच्या पायऱ्या चढून या. तीन हजार पायऱ्या चढून येईपर्यंत माझं कापून होतं.

जीपला खाली चासी असते. तळ सगळा काढला तरी जीप जीपच राहते. बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतून जुन्या जीप येतात, त्या कामात डोक्याला ताप नाही. पण अॅम्बेसेडर, पद्मिनी, मारुती यांचा तळ हाच त्यांचा सांगाडा आहे. तो बेतालपणे कापला तर गाडी मधून खचते आणि दारं लागत नाहीत. म्हणून आधी गाडी सपाट जागेवर चार स्टँडवर घ्यायची, दारं लावून चारी बाजूंच्या फटी बोटानं चाचपून घ्यायच्या, दाराच्या चौकटीत आडवी पट्टी टाके मारून ठेवायची, आणि मग एका वेळी एकच बाजू उघडायची. दर थोड्या वेळानं दार लावून बघायचं. दार लागतंय तोवर सगळं ठीक.

नवा तुकडा सीआर शीटचा, वीस किंवा अठरा गेजचा. कोपरे गोल कापायचे. टोकदार कोपऱ्यातून तडा निघतो. कंपनीच्या तळाला ज्या उभ्या-आडव्या फुगवलेल्या रेघा असतात त्या शोभेला नसतात. त्यांनी पत्र्याला ताठपणा येतो. सपाट तुकडा नुसता चिकटवला तर गाडी चालताना तो ढम ढम वाजत राहतो. मी गजावर पत्रा ठेवून हातोडीनं त्या रेघा काढतो. इथे बॅरनच्या नळ्यांचा हात कामाला येतो. वेल्डिंग करताना सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, एक समोरच्या टोकाला, मग मध्ये, हात लावता येईल इतका गार झाला की पुढचा. घाई केली की पत्रा तापून वाकतो आणि मग त्याला सरळ करण्यात दुप्पट वेळ जातो. पूर्वी सगळं गॅसवर करायचो. ऑक्सिजन-अॅसिटिलीनची उष्णता लांबवर पसरते. सीओटू वेल्डिंग आलं, बारीक तारेनं नेमकं तेवढ्याच जागी काम व्हायला लागलं, आणि या धंद्यातली निम्मी कटकट संपली. जुने कारागीर अजून गॅसचा मोठेपणा सांगतात. मला त्या आठवणींचं काही कौतुक नाही.

आगीचं मात्र तेव्हाही तेच, आताही तेच. बाहेर वेल्डिंग चालू असताना आत गाडीत एक पोरगा ओलं गोणपाट आणि बादली घेऊन बसलेलाच पाहिजे. तळाच्या वरच्या अंगाला डांबर असतं, वायरी असतात, कुठेतरी गालिच्याचा धागा राहिलेला असतो. खालून ब्रेकची नळी आणि पेट्रोलची नळी जाते, त्या आधी सोडवून बाजूला घ्यायच्या. बॅटरीची वायर काढायची. मदतीला येणाऱ्या पोरांना मी वेल्डिंग शिकवायच्या आधी वर्षभर बादली धरायला लावतो. एक-दोघे कंटाळून पळाले. जो टिकला तो आता कुशालनगरला स्वतःचं शेड चालवतो आणि त्याच्याकडेही एक बादलीवाला आहे.

जीआयचा पत्रा का लावत नाही, असं लोक विचारतात. त्याला जस्ताचा मुलामा असतो, तो गंजत नाही. मुलामा शाबूत असेल तोवर खरं आहे. पण जस्त सुमारे ९०० अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतं. म्हणजे जोडाच्या जागी जस्त उडून गेलेलंच असतं, आणि पांढरा धूर होऊन वेल्डरच्या छातीत. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, दुसऱ्या दिवशी उतरतो. दूध प्या म्हणतात. दुधानं काही होत नाही. कड घासून, तोंडाला नीट मास्क लावून आणि मोकळ्या हवेत करावं, नाहीतर करू नये.

माझ्या कामाची पद्धत बदलली ती २०१८ नंतर. त्या ऑगस्टमध्ये कोडगूत डोंगर कोसळले, कावेरीचं पाणी कुशालनगरच्या वसाहतींत शिरलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या महिनाभरात धुऊनपुसून रस्त्यावर आल्या. सीटा वाळवल्या, इंजिनचं ऑइल बदललं, आत अत्तराची बाटली लावली. बघणाऱ्याला कळणार नाही. वर्ष-दीड वर्षानं त्या माझ्याकडे यायला लागल्या, आणि त्यांचा गंज मी तोवर पाहिलेल्या गंजापेक्षा वेगळा होता. वरून तळ चांगला. खालून तळ चांगला. स्क्रूड्रायव्हरची मूठ सांगत होती की मध्ये काहीतरी गडबड आहे. एका गाडीच्या उंबऱ्याची पोकळ पट्टी कापली तर आतून चिखल निघाला, वाळून विटेसारखा घट्ट झालेला. नदीचा गाळ पोकळ जागांत शिरतो आणि तिथेच राहतो, प्रत्येक पावसाळ्यात पुन्हा ओला होतो, आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. बाहेर खूण दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं.

त्या गाडीचा मालक अतिशय नीटनेटका माणूस होता. पूर ओसरल्यावर त्यानं जमेल ते सगळं केलं होतं, पावत्यांची फाईलसुद्धा आणली होती. पोकळ पट्ट्यांच्या आत पाण्याचा फवारा मारून गाळ काढायचा असतो, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं, बिल होतं. तेव्हापासून कुठलीही गाडी आली की मी आधी रबरी बुचं काढतो आणि मोबाइलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा आत सोडतो. हजार-दीड हजारात मिळतो तो. मेस्त्रींनी कानानं बघायला शिकवलं, त्यांना हा कॅमेरा दाखवायला हवा होता. चिडले असते आणि मग दिवसभर तोच घेऊन बसले असते.

पुराच्या गाड्या स्वस्तात उचलून विकणारेही होते. त्यांतला एक जण माझ्याकडे आला. तीन गाड्या होत्या. म्हणाला, कापाकापी नको, वरून फायबरचं कापड आणि रेझिन मारा, खालून काळं कोटिंग करा, एकसारखं दिसलं पाहिजे. पैसे चांगले देत होता आणि त्या महिन्यात शेडचं भाडं थकलं होतं. मी नाही म्हटलं. त्यात शौर्य काही नव्हतं. सीटचे बोल्ट आणि पट्ट्याचे बोल्ट त्याच तळात घट्ट असतात, आणि असली गाडी आपटली तर माणूस सीटसकट पुढे जातो, एवढं मला दिसत होतं. काम त्यानं दुसरीकडून करून घेतलं. काही महिन्यांनी त्यांतलीच एक गाडी नवी नोकरी लागलेल्या एका मुलानं माझ्याकडे आणली. सीट हलते, बोल्ट आवळून द्या म्हणाला. मी पाना लावला तर बोल्ट, त्याखालचा वायसर आणि तळहाताएवढं फायबर असं सगळं एकत्र वर आलं. तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला, जणू मीच तोडलं. लोखंड, लांबी आणि फायबर यांतला फरक ओळखायला साधं लोहचुंबक पुरतं. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. गाडी बघायला जाताना खिशात ठेवावी.

नवा पत्रा लावून झाल्यावर त्याच्या आसपास जो हलका, वरवरचा गंज असतो त्याला औषध लावतात. बाजारात रस्ट कन्व्हर्टर म्हणून मिळतं. काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं, काहींत टॅनिक. टॅनिकवालं लावलं की तांबडा गंज डोळ्यांदेखत निळसर काळा पडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजोबांची पोथी आठवली. जुनी शाई हिरडा आणि हिराकस यांची करायचे; हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह. तीच क्रिया इथे पत्र्यावर. औषध चांगलं आहे, पण लोक त्याकडून चमत्काराची अपेक्षा करतात. सुटणारे पदर खरवडून काढल्याशिवाय ते खालपर्यंत पोचतच नाही. मग त्यावर प्राइमर, सांध्यांना सीलर, खालून कोटिंग, आणि पोकळ जागांत मेण. काळं जाड कोटिंग गंजावर थेट मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. जळकं इंजिन ऑइल फवारायची पद्धत इथे जुनी आहे. त्यानं गंज रोखला जातो हे मी नाकारत नाही, पण ते रबराचे बुश फुगवतं, ब्रेकपर्यंत पोचू शकतं, आणि पहिल्या पावसात निम्मं शेतात जातं. मी करत नाही.

आयुधपूजा हा आमच्या धंद्याचा सण, पण त्याच्या आदल्या दिवशी मला गावातून फिरवत नाही. प्रत्येक गोठ्यासमोर, प्रत्येक बोअरवेलवर गाडी उभी आणि पाइपाचं पाणी चारी दारांतून थेट आत. बाहेरून धुवा, आतून ओलं फडकं मारा, असं सांगितलं तर लोकांना वाटतं मी देवाच्या कामात कंजुषी सुचवतोय. दुसऱ्या दिवशी चाकाखाली लिंबू, समोर कोहळा फुटतो, झेंडूची माळ चढते, आणि गालिच्याखाली ते पाणी तसंच. पावसाळा संपलेला असतो, वाळायला खरं तर तेवढाच काळ. गेल्या काही वर्षांत मी त्या दिवशी शेडपुढे बसतो आणि जो थांबेल त्याच्या तळाची बुचं फुकट काढून देतो. पाणी उतरलं की परत लावतो. आता पोरं मुद्दाम पाणी मारून आणतात, ते खालून पडताना बघायला.

खर्च करावा की नाही, हे मला रोज विचारलं जातं. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची पुन्हा नोंदणी करायची तर १ एप्रिल २०२२ पासून केंद्राची फी ६०० ची ५,००० झाली. त्यावर हरित कर, त्यावर माझं बिल. माणूस बेरीज करतो आणि माझ्याकडे बघतो. पद्मिनी, अॅम्बेसेडरवाल्यांचा हिशेब निराळा असतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, अॅम्बेसेडर बनायची २०१४ मध्येच थांबली. ज्याच्याकडे आहे तो प्रेमापोटी ठेवतो, त्याला आकडा अडवत नाही. बाकीच्यांना मी तीन जागा दाखवतो. उंबऱ्याच्या पट्ट्या, सीटचे बोल्ट, आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलेलं असतं ती जागा. पहिल्या दोन सडल्या असतील तर दुरुस्त होतात. तिसरी गेली असेल तर मी काम घेत नाही. तिथे माझ्या शेडमधल्या जोडावर कुणाचं कुटुंब घाट उतरावं असं मला वाटत नाही.

असंच एका निवृत्त मास्तरांच्या मारुती एट-हंड्रेडबद्दल सांगावं लागलं. गाडी पांढरी, वरून आरशासारखी. मास्तर दर रविवारी पॉलिश करायचे. मागचं सस्पेन्शन जिथे बसतं तिथे माझं बोट आरपार गेलं. मास्तर रागावले, गाडी घेऊन गेले, हुणसूरला दाखवली, म्हैसूरला दाखवली, आणि परत आले. आरसी रद्द करायचे कागद झाले आणि गाडी भंगाराच्या भावानं मीच ठेवून घेतली. मागे कुणी फारसं बसत नसावं. डाव्या मागच्या पायाखालचा तळ कंपनीच्या रंगासकट जसाच्या तसा होता, रेघा, बुचाचं भोक, सगळं. तो अख्खा कापून घेतला आणि पिरियापट्टणच्या एका एट-हंड्रेडमध्ये बसवला. असा मूळ तुकडा मिळाला की हातोडी मारायचं काम वाचतं.

मास्तर बाजाराला आले की शेडवर थांबतात. तळाची गोष्ट त्यांना सांगितली, तर त्यांनी विचारलं, दुसऱ्या गाडीचा रंग कोणता? लाल, मी म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खालून तरी पांढरीच ठेवलीस ना?"

खालून आता काळं कोटिंग आहे. ते मी त्यांना सांगितलं नाही.